ओढा कितीवर थांबतो

मंगळवार, ता. ४

ही वही ताईने दिली. माझी थोरली बहीण. आम्ही दोघीच राहतो, त्यामुळे एकमेकींचं डोकं खाणं हे रोजचंच. ती म्हणाली, "आठ दिवस तुझी कटकट ऐकायला मी नसणार. कागदाला सांग." वर म्हणते, "आणि नवा मफलर कशाला? जुन्याला काय धाड भरलीय?" डोंगरात थंडी असते, म्हटलं. ती नुसती हसली. हिचं हसणं मला मुळीच आवडत नाही.

तर कागदा, ऐक. मी पाणी-नोंद कार्यालयात तपासनीस आहे. चोवीस वर्षं एकाच टेबलावर. चौतीस तळ्यांवरून दर महिन्याला तक्ते येतात. प्रत्येक तळ्यात एक मोजपट्टी उभी केलेली असते. रोज सकाळी सातला तिथला नोंदकर पाणी पट्टीवर कुठवर आहे ते बघतो आणि लिहितो. मी तो आकडा तपासते आणि सही करते. ऑफिसात मला मागून 'टाचणी' म्हणतात. म्हणोत. माझ्या हाताखालून चुकीचा आकडा आजवर सुटलेला नाही.

त्या चौतिसांतलं एक तळं डोंगराच्या पोटात आहे. तिथे पर्यटक नाहीत, होड्या नाहीत, नकाशावर ते बोटाखाली झाकलं जातं. तिथल्या नोंदकराला आम्ही 'तळेराव' म्हणतो. ते नोंद-ठाणं सुरू झालं तेव्हापासून, म्हणजे माझ्याइतकीच वर्षं, हा माणूस तिथे आहे. भेट कधी नाही. पण काय अक्षर आहे! आणि शेऱ्याच्या रकान्यात बाकीचे 'निरंक' लिहितात, तर हा लिहितो: 'दोन बदकं आली. एक रागावून गेलं.' किंवा 'धुकं. पट्टी दिसायला साडेआठ वाजले, तोवर चहा दोनदा झाला.' महिन्याच्या तीन तारखेला टपाल येतं तेव्हा तेहतीस तक्ते मी नंतर उघडते. अक्षरावरून माणूस कळतो असं माझं मत आहे. बस, एवढंच.

गेल्या आठवड्यात त्या शेऱ्यांमुळेच घोळ सापडला. पाणी एका पातळीखाली गेलं की तळ्यातून निघणारा ओढा थांबतो. तळेराव दर वर्षी लिहितो, 'आज ओढा थांबला.' सहज जुने तक्ते काढले. बावीस वर्षं ओढा थांबला तेव्हा पट्टीवर आकडा होता १३८. गेली दोन वर्षं १४०. ओढा जिथून बाहेर पडतो तो खडक तर जागचा हलत नाही. मग हे दोन सेंटिमीटर आले कुठून?

मी साहेबांना सांगायला नको होतं असं आता वाटतंय. ते म्हणाले, "तुम्हीच जाऊन बघा. पट्टी चुकली असेल तर पट्टी बदलू. माणूस चुकला असेल तर ठाणं बंद. नाहीतरी एका तळ्यासाठी एक माणूस आणि एक घर पोसणं परवडत नाही. सतरा तारखेला अहवाल द्या."

चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी टेबल सोडून कुठे निघालेय.

गुरुवार, ता. ६

पोचले. बस घाटात तीनदा बंद पडली आणि शेवटचे दीड तास पायपीट. ड्रायव्हर म्हणाला, "तिथे बघायला काय आहे?" म्हटलं, दोन सेंटिमीटर.

पण तळं! वळणावरून एकदम समोर आलं. आकडे चोवीस वर्षं वाचले, पण हिरवा रंग कुठल्याच रकान्यात नव्हता. आवाजही नव्हता, म्हणजे शांतताच इतकी की माझ्या बुटांची मला लाज वाटली. तिन्ही बाजूंनी झाडं, चौथ्या बाजूला एक बसकं घर, धुराडं, आणि घरापासून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. पाणी इतकं नितळ की काठाजवळ तळातले गोटे मोजता येतात. मी अकरा मोजले आणि मग स्वतःलाच म्हटलं, बाई, आवर.

तळेराव ओट्यावर उभा होता. चांगला उंच, ताठ, पांढरी दाढी. मी नमस्कार केला तर उत्तर दिलं, "या, बाई या! पाय ओढत चालताय, बूट चावतोय वाटतं." चावत होता खरा. पण हे बोलताना तो बघत होता माझ्या मागच्या झाडाकडे. मला वाटलं झाडावर काही आहे, मीही वळून बघितलं.

चहा त्याने स्वतः ओतला. कपात बोट घालून! चहा बोटाला लागला की थांबायचं, अशी पद्धत. चोवीस वर्षं ज्या अक्षरावर मी... असो. चहा मी प्यायले.

बायको आहे. ठेंगणी, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, बोलणं मोजकं. मी तिला वहिनी म्हटलं, तिला बरं वाटलं. शेऱ्यांत बायकोचा उल्लेख कधी आला नव्हता. यायचं कारणही नाही म्हणा. डोकं दुखतंय, प्रवासाने असेल.

ओट्यापासून पायऱ्यांपर्यंत कमरेच्या उंचीवर दोरी बांधलीय. वहिनी म्हणाल्या, कपडे वाळत घालायला. इतक्या खाली? त्या म्हणाल्या, "मी ठेंगणी ना." हे मात्र पटलं.

शुक्रवार, ता. ७

आज पट्टी तपासली. पहिली शंका अशी की पट्टी दोन सेंटिमीटर खचली असेल. पट्टी खचली की आकडा आपोआप वाढणार. पट्टी लावली तेव्हा शेजारच्या खडकावर दोनशेच्या पातळीला छिन्नीने खूण कोरली होती. पट्टीच्या दोनशेच्या रेघेवर फळी टेकवली, दुसरं टोक खुणेवर, वर गवंड्याची पाणसळ. वहिनींनी फळी धरली. बुडबुडा बरोबर मध्ये. दोनदा केलं, फळी उलटी करून पुन्हा केलं. पट्टी केसभरसुद्धा खचलेली नाही.

म्हणजे पहिली शंका मिटली. मला वाईट वाटलं. पट्टी चुकली असती तर सगळ्यांचंच भलं होतं.

सकाळचा कार्यक्रम असा: पावणेसातला वहिनी खाली जातात, पट्टीवरचं शेवाळ पुसायला. मग वर येतात आणि तळेरावाच्या हातात टोपी देतात. मग हा स्वारी निघाल्यासारखा निघतो, एक हात दोरीवर, ओठांत काहीतरी पुटपुटत. वरच्या पायरीवर उभा राहतो, छाती काढून तळ्याकडे बघतो आणि खणखणीत आवाजात सांगतो, "एकशे एकोणपन्नास!" आज मी मुद्दाम त्याच्याशेजारी उभी राहून बघितलं. मलाही १४९ च दिसलं. शाबास, म्हटलं, नजर अजून पक्की आहे.

पण घरात येऊन वही उघडली तर आजच्या तारखेला लिहिलंय १५१.

सांगतो एक, लिहितो दुसरंच! म्हणजे दोन सेंटिमीटरचं भूत वहीत आहे, पाण्यात नाही. विचारावं म्हणून तोंड उघडलं तर वहिनींनी पुढ्यात उकडलेली अंडी ठेवली आणि म्हणाल्या, "आधी खा. आकडे कुठे पळत नाहीत." दिवसभर त्यांनी मला त्याच्याशी एकटीने बोलू दिलं नाही. नवऱ्याला इतकं जपणारी बाई मी पहिल्यांदाच बघतेय.

त्यांच्या गुडघ्यांवर सकाळी दोन ओले गोल डाग असतात. घर पुसत असतील. स्वच्छतेची आवड दिसते, आणि नवरा कपात बोट घालतो!

शनिवार, ता. ८

तळ्यातून ओढा जिथून निघतो तिथे एक आडवा खडक आहे. हे दोघं त्याला 'उंबरा' म्हणतात. दुसरी शंका अशी की उंबऱ्यावर ओंडका किंवा गाळ अडकून तो उंच झाला असेल. बूट काढून ओढ्यात उतरले. पाणी बर्फासारखं. माझ्या तोंडून जे शब्द गेले ते ताईने ऐकले असते तर तिने मला घरात घेतलं नसतं. उंबरा स्वच्छ, अखंड कातळ. ओंडका नाही, गाळ नाही. दुसरीही शंका मिटली.

राहिला माणूस.

जेवताना तळेराव मजेत होता. या तळ्यात वारा कुठल्या वेळी कुठून येतो, मासा वर आला की आवाज कसा होतो, सगळं सांगत होता. ऐकत राहावं असं बोलतो. मी म्हटलं, "तुमचे शेरे मी आवडीने वाचते." तो म्हणाला, "हं? शेरे? हो, हो." आणि भिंतीकडे बघून दाढी खाजवली. इतकंच! चोवीस वर्षं वाचणारीला एवढंच उत्तर! आणि बोलताना एकदाही माझ्याकडे बघत नाही. घमेंड नुसती. मी काही अप्सरा नाही, पण भिंतीपेक्षा बरी आहे.

रविवार, ता. ९

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच उद्या खोटं वाटेल.

उंबऱ्याची उंची पट्टीच्या हिशेबात नक्की किती, हे मोजायचं ठरवलं. ओढा १३८ वर थांबायला हवा की १४० वर, याचा निकाल तिथेच लागणार. त्यासाठी गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आणली होती. नळीत पाणी भरायचं. एक टोक खडकावरच्या दोनशेच्या खुणेशी, दुसरं टोक माझ्याकडे, उंबऱ्यावर उभ्या केलेल्या काठीशी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं. तिकडे पाणी खुणेला लागलं की इकडे काठीवर रेघ मारायची.

वहिनी परसात होत्या. मी तळेरावाला म्हटलं, "तुम्ही खुणेपाशी बसा, पाणी खुणेला लागलं की सांगा." तो कां कूं करायला लागला, "तिला बोलवू का?" मी म्हटलं, "एवढंसं काम, त्यात काय?" बसला. मी उंबऱ्यावर जाऊन ओरडले, "लागलं का?" ताबडतोब उत्तर, "बरोबर लागलं!"

नळी तर मी अजून उचललीच नव्हती. माझ्याकडचं टोक पायाशी पडलेलं होतं आणि पाणी भळाभळा वाहून चाललं होतं.

माझं डोकंच सटकलं. तशीच ओल्या पायांनी गेले आणि नको ते बोलले. "चोवीस वर्षं असंच 'बरोबर' म्हणत आलात का? न बघता? काम नको असेल तर तसं सांगा! आणि निदान बोलणाऱ्याच्या तोंडाकडे तरी बघा!"

तो शांतपणे म्हणाला, "बाई, कुठे आहे तुमचं तोंड?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याचा हात बघितला. माझ्या आवाजाच्या दिशेने पुढे आला होता आणि हवेत चाचपत होता.

तो म्हणाला, "काचबिंदू. आधी कडेने गेलं, मग मधून. आता दिवस आहे की रात्र एवढं कळतं. ओरडू नका, ती घाबरेल."

दोरी. कपातलं बोट. पायऱ्या मोजत पुटपुटणं. भिंतीकडे बघून दाढी खाजवणं. चार दिवस सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी वहीत काय लिहिलं, तर घमेंड! टाचणी म्हणे.

मी खाली बसले. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "मग पट्टी कोण वाचतं?"

"ती वाचते आणि मला सांगते. तुम्ही आलात म्हणून मी मोठ्याने बोलतो. एवढंच नाटक. लिहा तुम्ही अहवालात. पण एक लिहा, माझे डोळे होते तोवर एक आकडा चुकला नाही. बावीस वर्षं. तेवढं लिहा, मग घर सोडायला सांगितलंत तरी मी काठी घेऊन निघेन."

सोमवार, ता. १०

सकाळी मी आणि वहिनी दोघींनी नळी लावली. खुणेपासून उंबरा साठ सेंटिमीटर खाली. म्हणजे १४०. माझा विश्वास बसेना. नळी उलटी लावली, काठी बदलली, तीनदा मोजलं. तिन्ही वेळा १४०.

ओढा १४० वरच थांबतो. नेहमीच थांबत होता. गेली दोन वर्षं बरोबर आहेत आणि आधीची बावीस वर्षं चूक.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही आकडा कसा वाचता ते दाखवा." त्या शेवटच्या पायरीवर गेल्या, गुडघे टेकले आणि चष्मा जवळजवळ पाण्याला लावला. "मला लांबचं कुठे दिसतं? अशीच बघते." मीही गुडघे टेकले, गाल पाण्याशी नेला. पाणी पट्टीला नेमकं कुठे चिकटलंय ते तिथून स्वच्छ दिसलं: १५०. शुक्रवारपासून एकाने उतरलंय. मग वरच्या पायरीवर उभी राहिले. पाणी इतकं नितळ की वरून बघताना पट्टीवरचे पाण्याखालचे आकडेही बाहेरचेच वाटतात. तिथून दिसलं १४८. तळेराव ताठ माणूस. बावीस वर्षं तो वरच्या पायरीवरून ताठ उभा राहून बघत होता. दुसऱ्या कोणी जाऊन बघितलंच नाही.

मी विचारलं, "तुमच्या लक्षात आलं होतं?"

त्या म्हणाल्या, "मी वाचायला लागले त्या पहिल्याच वर्षी. ओढा थांबला, मी म्हटलं एकशे चाळीस. हे केवढ्याने ओरडले, 'अडतीस! नीट बघ!' मी पुन्हा बघितलं. चाळीसच. मग मी ह्यांना दोन कमी करून सांगायला लागले."

"आणि वहीत?"

"वहीत जे दिसतं ते." पायरीवरचं पाणी हाताने पुसत म्हणाल्या, "ह्यांच्याशी खोटं बोलते मी. वहीशी नाही बोलले."

मी म्हटलं, "वहीतही दोन कमी लिहिले असते तर कोणाला कळलं नसतं. मी आलेच नसते."

"हो ना. पण मग पाण्याचं खरं माप कुठे राहिलं असतं?" इतक्या सहज म्हणाल्या की मला माझ्या टेबलाची लाज वाटली.

मग मी विचारलं, खरं तर विचारायला नको होतं, "म्हणजे दोन वर्षं शेरेही तुम्हीच लिहिता?"

"दोन वर्षं कसली? पहिल्यापासून मीच लिहिते. ह्यांचं अक्षर ह्यांना तरी कुठे लागायचं! बदकांचं वगैरे आपलं... रकाना रिकामा बरा दिसत नाही म्हणून."

काय सांगू कागदा. आधी चोवीस वर्षांतल्या सगळ्या तीन तारखा डोळ्यांपुढून गेल्या. मग मला हसू आलं, इतकं की वहिनी घाबरल्या. मी म्हटलं, "वहिनी, मफलर घ्या हो, नवा आहे." त्यांना काही कळलं नाही. घेतला मात्र लगेच, थंडी होती.

मग त्या मुद्द्यावर आल्या. "बाई, घर गेलं तर जाऊ दे. पण त्यांची बावीस वर्षं चुकली हे त्यांना सांगू नका. त्यांच्याकडे आता तेवढंच आहे."

मंगळवार, ता. ११

निघायचा दिवस. रात्री झोप आली नाही. दोन अहवाल डोक्यात होते.

पहिला सोपा. नोंदकर आंधळा, बायको बेकायदा वाचते, तिच्या काळात दोन सेंटिमीटरचा फरक. ठाणं बंद. तळेरावाची बावीस वर्षं शाबूत, माझ्या बावीस वर्षांच्या सह्याही शाबूत. कोणी मला विचारणार नाही. हो, त्या प्रत्येक पानावर खाली लिहिलंय 'तपासले, बरोबर' आणि माझी सही. हा विचार कालपासून मी वहीतसुद्धा टाळला होता.

दुसरा खरा. तो लिहिला तर त्यांचं घर कदाचित वाचेल. पण मग मी चोवीसपैकी बावीस वर्षं चूक तपासली हे माझ्याच हाताने लिहायचं. मला भीती वाटतेय, हे इथे लिहून ठेवते. माझ्याकडे तरी दुसरं काय आहे? ताई आणि ती सही.

निरोप घेताना तळेरावाने विचारलं, "सापडले का तुमचे दोन सेंटिमीटर?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "सापडले. पट्टीचा दोष नाही."

"मी म्हटलंच होतं!" तो म्हणाला. मी खोटं बोलले नाही. पण खरंही बोलले नाही. पाय आपोआप भराभर उचलले गेले.

सोमवार, ता. १७

अहवाल दिला. दुसरा.

साहेबांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढला. "म्हणजे तो आंधळा आहे हे तुम्ही लिहिता, आणि ठाणं चालू ठेवा असंही तुम्हीच लिहिता?"

"हो साहेब. त्याच्या जागी बायकोची नेमणूक करा."

"नियमात नोंदकर आहे. नोंदकराची बायको कुठे आहे?"

"म्हणून तर तिलाच नोंदकर करा म्हणतेय."

ते तापले. पण मी घरून तयारी करून गेले होते. म्हटलं, "त्या तळ्याच्या आकड्यांवर आपण खालच्या गावांचं पाणी ठरवलंय. बावीस वर्षांचे आकडे दोनने चुकलेत. हे कशावरून कळलं? तिच्या दोन वर्षांवरून. ती तिथे अजून काही वर्षं वाचत राहिली तर फरक पक्का ठरेल आणि जुनं सगळं दुरुस्त होईल. आज ठाणं बंद केलंत तर चोवीस वर्षं रद्दीत घाला. वजन चांगलं भरेल."

साहेबांनी जुने तक्ते मागवले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. "ही सही कोणाची?"

"माझी."

"ही?"

"सगळ्याच माझ्या. साहेब, बसल्या जागेवरून मला ते कळणारच नव्हतं. रोज तेवढीच चूक असली की ती चूक दिसत नाही. पण मी 'बरोबर' लिहिलं. 'बघितलेलं नाही' असं लिहायला हवं होतं."

मेमो मिळाला. आयुष्यातला पहिला. आणि बावीस वर्षांची दुरुस्ती लाल शाईने मीच करायची, ऑफिसची वेळ संपल्यावर. वहिनींची नेमणूक एक वर्षासाठी, पुढे बघू, असा हुकूम निघाला. घर राहिलं.

हुकुमाची आणि अहवालाची प्रत तळ्यावर जाणार. वाचून दाखवणार वहिनी. काय वाचतील आणि काय गाळतील हे त्यांच्यावर. मी त्यात पडणार नाही.

घरी येऊन ताईला मेमो दाखवला. मला वाटलं हसेल. तिने चहा केला, समोर बसली आणि म्हणाली, "आता चौतिसाव्या तळ्यावर गेलीस, उरलेली तेहतीस कधी बघणार?" हा विचार मलाही आला होता, पण तो आधी तिने बोलून दाखवायला नको होता.

शनिवार, ता. ३

मधले दीड महिने वही उघडली नाही. रोज संध्याकाळी लाल शाई. नऊ वर्षं झाली, तेरा राहिली. आकडे सगळे दोनने वाढवतेय. शेऱ्यांना हात लावावा लागत नाही. बदक रागावून गेलं होतं ते गेलंच होतं.

आज टपाल आलं. मागचा तक्ता निघाला तेव्हा हुकूम पोचला नव्हता, या तक्त्यावर पहिल्यांदा 'नोंदकर' समोर वहिनींचं स्वतःचं नाव आहे. आणि सव्वीस तारखेचा शेरा रकान्यात मावला नाही म्हणून पानामागे गेलाय. जसाच्या तसा उतरवून घेते:

'ओढा थांबला. १४०. ह्यांनी अहवालाची प्रत पुन्हा वाचायला सांगितली. मी मागच्या वेळेसारखीच मधली ओळ सोडली. हे म्हणाले, इथे तू श्वास घेतेस, दोन्ही वेळा घेतलास, काय सोडतेस? मग सगळं वाचलं. दुपारी म्हणाले, मला पाण्यात उतरव. उतरवलं. पट्टीवरच्या खाचा बोटांनी वरून मोजत आले, पाण्याला बोट लागलं तिथे थांबले. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा १४०. बराच वेळ पाण्यातच उभे. मग विचारलं, बावीस वर्षं तिकडे हे तपासत कोण होतं? म्हटलं, आपल्याकडे येऊन गेल्या त्या बाई. तेव्हा जे हसायला लागले ते थांबेनात. म्हणाले, चला, म्हणजे मी एकटाच नव्हतो. आता रोज सकाळी दोघं वाचतो. ते बोटाने, मी डोळ्यांनी. पटलं तरच लिहिते.'

मी टेबलावर बसून हसले आणि रडलेसुद्धा, लपवायचं काय त्यात. साहेब बाहेर आले, पान माझ्या हातातून घेतलं, उभ्यानेच वाचलं. "हे पाण्याचं माप आहे की पत्र?"

"माप आहे साहेब," मी म्हटलं. "दोघांनी घेतलेलं."

त्यांनी पान परत दिलं. सहीची जागा रिकामी होती. मी लिहिलं, 'बघितलेलं नाही. पण विश्वास आहे.' आणि सही केली.